केवळ बाह्य वापरासाठी

"आजी, आणखी कोणती औषधं घेता?" डॉक्टरांनी विचारले.

"दुसरं काही नाही," आई म्हणाली, आणि मीही मान हलवली. आम्ही दोघेही खोटे बोलत नव्हतो. तरीही आमचे उत्तर चूक होते. ते का चूक होते हे कळायला पुढची दहा मिनिटे लागली. विषय तसा अगदी घरगुती आहे: दुखऱ्या गुडघ्याला लावायचे मलम. साहित्याच्या वाचकांपुढे तो मांडताना थोडा संकोच वाटतो. पण प्रश्न शेवटी वाचण्याचा आणि शब्दांचा निघाला, म्हणून हे धाडस करतो आहे.

आईचे वय आता चौऱ्याहत्तर. लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप निकामी केली होती. पंधरा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून तिथे कृत्रिम झडप बसवली. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून तेव्हापासून तिला रोज संध्याकाळी 'रक्त पातळ करणारी' एक छोटी गोळी घ्यावी लागते. 'पातळ' हा बोलण्यातला शब्द. वास्तविक रक्त पातळ होत नाही, त्याला गोठायला अधिक वेळ लागतो. हा फरक आयएनआर नावाच्या चाचणीत आकड्याने कळतो. अशी गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. आईचा अडीच ते साडेतीन यांच्या दरम्यान ठेवायचा असे ठरलेले आहे. त्याखाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. पंधरा वर्षे आमचे घर या दोन आकड्यांमधल्या अरुंद बांधावरून चालत आले आहे. मेथी-पालक एकदम जास्त खायचे नाहीत आणि एकदम सोडायचेही नाहीत, कारण त्यांतले 'के' जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते, हे आमच्या स्वयंपाकघरात सर्वांना पाठ आहे. सर्दीची साधी गोळीसुद्धा विचारल्याशिवाय तिला द्यायची नाही, हाही घरचा नियम आहे. आम्ही निष्काळजी माणसे आहोत असे मला कधीच वाटले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात तिचे गुडघे फारच धरले. गुडघ्यांचा त्रास जुना होता, पण थंडीत जिना उतरणे अवघड झाले. पोटात घेण्याच्या वेदनाशामक गोळ्या तिला चालत नाहीत, हे ठाऊक होते. म्हणून 'निरुपद्रवी' मार्ग धरला. मेडिकलमधून एक मलम आणले. रात्रीची जेवणे झाली की मी तिच्या पलंगाच्या कडेला बसायचो. ट्यूब दाबून दोन्ही गुडघ्यांवर बोटभर मलम घ्यायचे, ते पुरते जिरेपर्यंत चोळायचे, मग रबरी पिशवीत गरम पाणी भरून शेक द्यायचा आणि शेवटी जुन्या लोकरी मफलरने गुडघे घट्ट बांधून टाकायचे. सकाळी महाविद्यालयात जाण्यापूर्वी पुन्हा तेच. दुपारी ती स्वतःच्या हाताने लावून घ्यायची. थंडी वाढली तसे मलमाचे प्रमाणही वाढले. त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. मलमाचा हिशेब कोण ठेवतो?

त्या अर्ध्या तासाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. वयाच्या दहा-बारा वर्षांनंतर मी आईच्या अंगाला असा हात लावला नव्हता. नमस्कारापुरते पायांना बोटे लागत, तेवढेच. आता रोज रात्री तिच्या गुडघ्यांवर हात फिरत होता आणि ती बोलत होती. तिच्या माहेरी मुका मार लागला की आंबेहळद उगाळून गरम लेप देत, वाताने सांधे धरले की निरगुडीचा पाला वाफवून त्याने शेकत, एरंडाचे पान गरम करून गुडघ्यावर बांधत. "तेव्हा कसलं मलम आणि कसलं काय," ती म्हणायची. "पण हात तोच. हात फिरला की निम्मं दुखणं जातं." आपण आईसाठी काहीतरी करतो आहोत, असे वाटण्याचे समाधान मला त्या दिवसांत भरपूर मिळाले, हे कबूल केले पाहिजे.

तीन-साडेतीन आठवड्यांनी तिच्या दंडावर आणि मांडीवर काळेनिळे डाग दिसू लागले. कुठे आपटल्याचे तिला आठवत नव्हते. दात घासताना हिरड्यांतून रक्त आले तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. चाचणी केली. आकडा आला सहा पूर्णांक एक.

डॉक्टरांनी पद्धतशीर चौकशी केली. गोळी चुकून दोनदा घेतली गेली का? जेवण कमी झाले का? पालेभाजी बंद केली का? एखादे प्रतिजैविक, एखादे काढ्याचे चूर्ण? आणि मग तो प्रश्न: आणखी कोणती औषधे घेता? आम्ही 'नाही' म्हणालो. डॉक्टर लिहू लागले आणि मध्येच थांबले. "वास कसला येतोय?"

"हां, ते होय!" आई हसली. "ते काही औषध नव्हे. नुसतं वरून लावायचं मलम आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. किती, किती वेळा, किती दिवस, चोळता का, शेकता का, बांधता का, असे सगळे विचारून घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, या मलमात मिथाइल सॅलिसिलेट असतं. ॲस्पिरिनच्याच घराण्यातलं. ते कातडीतून रक्तात जातं आणि आजींच्या गोळीचं काम वाढवतं. तुम्ही चोळून, शेकून, बांधून त्याला आत जायला होईल तेवढी मदत केलीत. हेच कारण, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण दुसरं काहीच बदललेलं दिसत नाही. तेव्हा आधी हे बंद."

मलम बंद झाले, रक्ताची गोळी दोन दिवस थांबवली, चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या. आठवड्याभरात आकडा तीनवर आला आणि डाग हळूहळू फिकट झाले. आम्ही थोडक्यात सुटलो. सहाच्या पुढच्या आकड्याने मेंदूत रक्तस्राव झाल्याची उदाहरणे डॉक्टरांनी सांगितली नाहीत. ती मी नंतर वाचली, आणि ती रात्र झोपेविना गेली.

पण मनात घर करून राहिला तो आईचा आणि माझा तो नकार. मराठीत आपण औषध 'घेतो' आणि मलम 'लावतो'. 'औषध घेणे' या प्रयोगात गोळी येते, काढा येतो, फार तर सुई येते. लावणे, चोळणे, चोपडणे, लेप देणे या क्रियापदांनी जे अंगावर येते ते 'घेतलेल्या' गोष्टींच्या यादीत बसतच नाही. कुंकू लावतात, तेल लावतात, तसे मलम लावतात. त्यामुळे 'कोणती औषधे घेता?' या प्रश्नाला आईने दिलेले उत्तर व्याकरणाच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. शिवाय 'वरून' हा शब्द आहेच. 'वरवरचे' म्हणजे जे खोल जात नाही ते. त्वचा ही घराची भिंत आणि मलम हा त्या भिंतीला दिलेला रंग, अशी काहीशी समजूत आपल्या भाषेत मुरलेली आहे. वेष्टनावरचे 'केवळ बाह्य वापरासाठी' हे शब्द या समजुतीला आणखी बळ देतात. ती सूचना असते 'हे तोंडात घालू नका' अशी. आपण ती वाचतो 'हे बाहेरच राहते' अशी. अशा द्रव औषधांवर ही सूचना ठळक छापलीच पाहिजे असे आपल्याकडच्या १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत सांगितले आहे. नियम योग्यच आहे. पण एकच वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात एक अर्थ घेऊन निघते आणि वाचणाऱ्याकडे दुसराच घेऊन पोहोचते, हे आपण वर्गात कवितेच्या संदर्भात शिकवतो. मलमाच्या ट्यूबच्या संदर्भात कधी शिकवत नाही.

त्या संध्याकाळी मी खोक्यातली चिठ्ठी प्रथमच उघडली. चार घड्यांची, पारदर्शक म्हणता येईल इतक्या पातळ कागदाची, मुंगीच्या अक्षरांची आणि सर्वस्वी इंग्रजी. फोनच्या कॅमेऱ्याने अक्षरे मोठी करून वाचावी लागली. इथे एक गोष्ट लाज बाजूला ठेवून सांगितली पाहिजे. मी गेली कित्येक वर्षे व्यावहारिक मराठीच्या तासाला 'माहितीपत्रक' हा घटक शिकवतो. माहितीपत्रक सुबोध असावे, वाचकाला समोर ठेवून लिहिलेले असावे, त्यात अत्यावश्यक माहिती आधी यावी, हे मुद्दे मी फळ्यावर न चुकता लिहितो आणि उत्तरपत्रिकांत न चुकता तपासतो. वीस-बावीस वर्षे मजकुराचे सूक्ष्म वाचन करायला शिकवणाऱ्या माणसाने आपल्या आईच्या अंगाला जे रोज लावले, त्यासोबतचा कागद वाचला नव्हता.

ट्यूबवरचे घटक वाचले. डायक्लोफेनॅक डायएथिलामाइन १.१६ टक्के, जवसाचे तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल ५ टक्के. बाजारात अनेक नावांनी मिळणाऱ्या वेदनाशामक जेलमध्ये हीच मांडणी आढळते. चार नावांपैकी जवस तेवढा ओळखीचा, चटणीतला. म्हणून एकेकाची ओळख करून घ्यायला बसलो.

मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे विंटरग्रीनचे तेल. गंधपुरा नावाने आपल्याकडे ओळखले जाणारे त्याचे झुडूप निलगिरीत आणि मेघालयाच्या डोंगरांत वाढते. आता मात्र हे द्रव्य बहुतांशी कारखान्यात बनते. मलमाचा तो ओळखीचा, नाकात घुसणारा वास याचाच. ते त्वचेतून शिरते आणि शरीरात त्याचे सॅलिसिलिक आम्ल होते. ॲस्पिरिनचेही शेवटी तेच होते. शुद्ध तेलाच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक ॲस्पिरिन गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. लहान मुलाच्या हाती ती बाटली लागली तर काय होईल, हे यावरून समजावे. २००७ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात सतरा वर्षांची एक धावपटू मुलगी मरण पावली. स्नायूंच्या दुखण्यासाठी तिने अंगाला लावलेल्या मलमांतून शरीरात साठलेले मिथाइल सॅलिसिलेट हे कारण शवचिकित्सेत निघाले. अशी घटना अत्यंत दुर्मीळ आहे, हे लगेच सांगितले पाहिजे. पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे, एवढे तिच्यावरून कळते.

डायक्लोफेनॅकची गोष्ट वेगळी. त्याचे १ टक्क्याचे जेल सांगितल्याप्रमाणे लावले तर रक्तात पोहोचणारे प्रमाण पोटात घेतलेल्या गोळीच्या सुमारे ६ टक्के असते. म्हणून तर ज्यांच्या जठराला गोळ्या सोसत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर पुष्कळदा जेलच सुचवतात आणि ते योग्यच असते. मलमाची भीती घालणे हा या लेखाचा हेतू नाही. पण तो ६ टक्क्यांचा आकडा धडधाकट त्वचेचा, मोजून लावलेल्या मात्रेचा आणि शेक न दिलेल्या गुडघ्याचा आहे. अमेरिकेत या जेलबरोबर मापाची एक पट्टी मिळते. गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा, आणि सर्व सांधे मिळून दिवसाला ३२ ग्रॅमच्या वर नाही, असा तिथला हिशेब आहे. आमचे माप होते बोटभर आणि आईच्या कण्हण्याप्रमाणे.

मग मी सूचनांकडे वळलो, आणि चिठ्ठीचा तो भाग वाचताना हात थांबला. लावलेल्या जागी उष्णता देऊ नये. जागा घट्ट बांधू किंवा झाकू नये. जोराने चोळू नये. ठरलेल्या प्रमाणाहून अधिक लावू नये. रक्त गोठू न देणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. चोळणे, शेकणे, बांधणे: आमच्या घरात मायेने जे जे केले जाते, ते सारे या कागदावर निषिद्धांच्या यादीत ओळीने उभे होते. निरगुडीचा पाला आणि एरंडाचे पान यांच्या काळात ही कृती बेतलेली होती. पाला गेला, त्या जागी प्रयोगशाळेतले जहाल द्रव्य आले. हात मात्र जुन्याच सवयीने चालत राहिले. परंपरेला दोष देऊन मोकळे व्हावे असे हे प्रकरण नाही आणि आधुनिक औषधाला दोष देऊनही नाही. आम्ही दोन्हींची गाठ घातली, आणि ती घालताना कुणाला विचारले नाही.

उष्णतेचा मुद्दा केवळ आईच्या बाबतीतला नाही. ऊब मिळाली की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि औषध अधिक वेगाने शोषले जाते. शिवाय मलमाने बधिर झालेल्या जागेला पिशवी किती गरम आहे याची नीट जाणीव राहत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा मलमांविषयी सार्वजनिक इशारा दिला होता. मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट किंवा मिरचीतले कॅप्सायसिन असलेली ही मलमे लावल्यानंतर त्वचा भाजल्याच्या ४३ नोंदी त्यांच्यापुढे होत्या. काहींना तर एकदाच लावल्यावर, चोवीस तासांच्या आत फोड आले होते. सर्वांत गंभीर प्रकार बहुतेक करून ३ टक्क्यांहून अधिक मेंथॉल किंवा १० टक्क्यांहून अधिक मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांचे होते. आमच्या ट्यूबवर मेंथॉल ५ टक्के होते.

मेंथॉलविषयी वाचताना माझ्यातला साहित्याचा शिक्षक जागा झाला. मेंथॉल लावलेली जागा थंड होत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरचे ग्राहक तेवढे ते चेतवते आणि मेंदूला 'थंड' असा निरोप जातो. कॅप्सायसिन तसेच उष्णतेच्या ग्राहकाला चेतवते, तापमान वाढलेले नसताना. या ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मलमातला गारवा हे एक रूपक आहे. नसलेली गोष्ट ते असल्यासारखी अनुभवाला आणून देते, आणि वेदना त्या अनुभवात काही काळ विसरली जाते. हे कामही मोठेच आहे. पण कितीही जोरकस वाटले तरी रूपक ते रूपकच, आणि जळजळ होऊ लागली की 'औषध लागू पडतंय' असे म्हणून सोसत बसणे म्हणजे रूपक अक्षरशः घेणे होय. आमच्याकडे तर 'झोंबतं तेच गुणकारी' अशी ठाम श्रद्धा आहे.

पुढच्या आठवड्यात व्यावहारिक मराठीच्या वर्गात मी फळ्यावरचे मुद्दे बाजूला ठेवले आणि मुलांना घरातल्या मलमांच्या चिठ्ठ्या आणायला सांगितल्या. निम्म्यांनी खोकीच टाकून दिलेली होती. उरलेल्या चिठ्ठ्यांचे गट करून मराठी अनुवाद करायला घेतला. 'ब्रोकन स्किन'चे पहिले भाषांतर आले 'तुटलेली त्वचा'. त्वचा तुटते का, असे विचारल्यावर वर्गात एकदम शब्द फुटले: खरचटलेली, सोललेली, चिरलेली, फुटलेली, पुरळ आलेली. एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत पाच होते आणि पाचही हवे होते, कारण गावाकडच्या आजीला 'जखम' म्हटले तर ती वाहती जखम समजेल, टाचेची भेग समजणार नाही. 'स्पेअरिंगली' याला कुणी 'काटकसरीने' म्हणाले, आणि मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, 'बेताने'." कोशात सापडलेला 'प्रतिनिर्देशित' हा शब्द वाचून दाखवला तेव्हा सगळे हसले. त्याच्या जागी आम्ही 'यांनी लावू नये' असे लिहिले.

दोन तासांनी एक पानभर मजकूर तयार झाला. आम्ही तो महाविद्यालयातल्याच औषधनिर्माणशास्त्राच्या सहकाऱ्यांना दाखवून तपासून घेतला. लावण्यापूर्वी काय पाहावे, याच क्रमाने तो लिहिला होता. आधी ट्यूबवरची मुदत पाहा आणि घटक वाचा. ॲस्पिरिनने किंवा दुसऱ्या वेदनाशामकाने कधी अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल तर लावू नका. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, मूत्रपिंडाचा किंवा जठरव्रणाचा त्रास असेल, पोटातून दुसरे वेदनाशामक घेत असाल, तर डॉक्टरांना मलमाचे नाव सांगूनच लावा. गरोदर स्त्रियांनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, विचारल्याशिवाय लावू नये. लहान मुलांना मोठ्यांचे मलम लावू नये, आणि कापूर असलेले मलम तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ तर मुळीच नाही. कातडी खरचटलेली, सोललेली, चिरलेली असेल तिथे लावू नये. प्रथमच वापरत असाल तर आधी थोड्या जागी लावून दिवसभर वाट पाहा. एका मलमावर दुसरे चढवू नका. बेताने लावा. शेकू नका, घट्ट बांधू नका, गरम पाण्याच्या अंघोळीच्या आधी किंवा लगेच नंतर लावू नका, लावलेली जागा उन्हात उघडी ठेवू नका. डोळे, नाक, तोंड यांपासून दूर ठेवा. लावून झाल्यावर हात साबणाने धुवा. फार जळजळ झाली किंवा फोड आला तर धुऊन टाका आणि दवाखान्यात जा. सात दिवसांत गुण आला नाही तर लावत राहू नका. दुखण्याचे कारण शोधा.

हात धुण्याच्या सूचनेवर वर्गात चर्चा झाली. मिरच्या कांडल्यावर हात डोळ्याला लावू नये हे प्रत्येक घरात माहीत असते, मलमाचे मात्र लक्षात राहत नाही. मुंबईत १८९३ साली सुरू झालेल्या एका जगप्रसिद्ध बामच्या नावातच अंजन आहे, अमृतांजन. अंजन हे डोळ्यांत घालायचे, आणि कोणत्याही बामची पहिली सूचना मात्र 'डोळ्यांपासून दूर ठेवा' अशी असते, हे एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले. हातावर राहिलेले मलम दुसऱ्यापर्यंतही जाते. २०१५ साली अमेरिकेत मालकांनी स्वतःला लावलेल्या फ्लुर्बिप्रोफेन नावाच्या वेदनाशामक मलमाने घरातल्या मांजरी आजारी पडल्या आणि काही दगावल्या, असा इशारा तिथल्या प्रशासनाने दिला होता. हे सांगितल्यावर वर्ग शांत झाला. घरात रांगणारी भाचरे-पुतणी प्रत्येकाचीच होती.

ते पान मी घरी आणले आणि आईला वाचून दाखवले. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. वर्तमानपत्र ती रोज वाचते. शांतपणे सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "हे सगळं आधीच मराठीत का लिहिलेलं नसतं रे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मग ती म्हणाली, "आणि वर ते काय लिहिलंयस? केवळ बाह्य वापरासाठी? त्यापेक्षा सरळ लिही की, लावायचं वरून, पण जातं आत." मी ते वाक्य पानाच्या माथ्यावर लिहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात ते एकमताने मान्य झाले. पान आता आमच्या फ्रिजच्या दारावर आहे, आणि तिच्या गोळ्यांच्या यादीत, जी प्रत्येक वेळी दवाखान्यात न्यायची असते, मी एक नवा रकाना आखला आहे: 'लावण्याची औषधे'. सध्या तो रिकामा आहे.

गुडघे अजून दुखतात. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती खुर्चीवर बसून करते, कधी कुरकुरत, कधी मनापासून. मलमाशिवाय, कोरड्या गुडघ्यांवर कोमट शेक चालतो, तो देतो. पिशवी आधी माझ्या मनगटाला लावून पाहतो. पहिले काही दिवस रात्री जेवणानंतर काय करावे ते मला सुचेना. ट्यूब नव्हती, म्हणून पलंगाच्या कडेला बसायचे कारणही नव्हते. एका रात्री तिनेच हाक मारली. "मलम नाही तर नाही," ती म्हणाली, "नुसता बस की." मी बसलो. माझ्या हातांना तो वास आता येत नाही. ती निरगुडीच्या पाल्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली आणि मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, बेताने.